‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या मधलं अंतर

इंग्रजी ‘वी’चं मराठी करताना भाषांतरकाराला दर वेळी एक निर्णय घ्यावा लागतो. ‘आम्ही’ लिहायचं की ‘आपण’? ‘आम्ही उद्या निघतोय’ म्हटलं की ऐकणारा घरी राहणार. ‘आपण उद्या निघतोय’ म्हटलं की त्यालाही बॅग भरायला हवी. इंग्रजीत हा भेद नाही. संदर्भावरून काय ते समजून घ्यायचं. बहुतेक पुस्तकांत त्यानं फारसं बिघडत नाही. पण न्यूझीलंडचे लेखक लॉइड जोन्स यांची ‘द बुक ऑफ फेम’ (२०००) ही कादंबरी या एका सर्वनामावरच उभी आहे. तिचा निवेदक ‘वी’ आहे. हा ‘वी’ म्हणजे नेमका कोण, त्यात कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं, हा प्रश्न व्याकरणाचा वाटला तरी कादंबरीचं मूल्यमापन करताना तो टाळता येत नाही.

जोन्स यांचं नाव आपल्याकडे पोचलं ते ‘मिस्टर पिप’मुळे. ती कादंबरी २००७मध्ये बुकरच्या लघुयादीत होती. ‘द बुक ऑफ फेम’ त्याआधीची, आकारानं लहान, आणि माझ्या मते जास्त धाडसी. विषय आहे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा १९०५-०६चा दौरा. ३० जुलै १९०५ रोजी ‘रिमुटाका’ नावाच्या आगबोटीनं हा संघ वेलिंग्टनहून निघाला आणि ८ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या प्लिमथला उतरला. १६ सप्टेंबरला एक्सेटर इथं डेव्हन परगण्याविरुद्ध पहिला सामना झाला. न्यूझीलंड ५५, डेव्हन ४. पुढे ब्रिटिश बेटांवर ३२ सामन्यांपैकी ३१ त्यांनी जिंकले. ८३० गुण केले आणि फक्त ३९ दिले. फ्रान्स आणि उत्तर अमेरिका धरून एकूण ३५ सामने, ३४ विजय. हरले तो एकच सामना, कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध, ३-० असा. ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव याच दौऱ्यात रूढ झालं. ‘ऑल बॅक्स’ लिहिताना छपाईची चूक झाली आणि त्यातून ते जन्मलं, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी वाटत नाही. पहिल्याच सामन्याच्या सुमारास एक्सेटरच्या स्थानिक वृत्तपत्रात ते नाव आलेलं आहे. काळा पोशाख पाहून कोणालाही सुचेल असंच ते आहे.

ही हकिकत न्यूझीलंडमध्ये शंभर वर्षं सांगितली जाते आहे. पराक्रमाची गोष्ट म्हणून ती इतकी पाठ आहे की तिच्यावर कादंबरी लिहिणं म्हणजे आपल्याकडे पानिपतावर लिहिण्यासारखं. शेवट सगळ्यांना ठाऊक, नावं ठाऊक, कोणी काय केलं तेही ठाऊक. मग उरतं काय?

जोन्स यांनी उरवलं ते असं. त्यांनी नायक काढून टाकला. कप्तान डेव्ह गॅलाहर आहे, उपकप्तान बिली स्टेड आहे, बॉब डीन्स आहे, सगळी नावं खरी आहेत. पण गोष्ट यांपैकी कोणाचीच नाही. ती सांगतो सत्तावीस जणांचा मिळून झालेला एक आवाज. हा आवाज कधी सलग गद्यात बोलतो, कधी ओळी तोडून मुक्तछंदाच्या जवळ जातो, कधी नुसत्या याद्या करतो. सहा आठवड्यांचा समुद्र, त्यातला कंटाळा, अनोळखी शहरं, रेल्वेचे डबे, हॉटेलं, आपल्याकडे टक लावून पाहणारी माणसं. यात कोणी बूट शिवणारा आहे, कोणी शेतकरी, कोणी मांस गोठवण्याच्या कारखान्यात काम करणारा. जगाच्या एका टोकाकडून ते साम्राज्याच्या राजधानीत येतात आणि आठवड्याभरात प्रसिद्ध होतात. प्रसिद्धी ही बाहेरून अंगावर येऊन चिकटणारी, थोडी गमतीची आणि थोडी घाबरवणारी गोष्ट आहे, हे कादंबरी फार चांगलं पकडते.

‘आम्ही’ हा निवेदक इथं नुसती लेखनाची युक्ती म्हणून येत नाही. तो खेळातून आलेला आहे. रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही. पळायचं पुढे, पास मात्र मागे किंवा आडवा. म्हणजे चेंडू हातात असलेला माणूस नेहमी आपल्या साथीदारांच्या पुढे असतो, आणि ते मागे आहेत हे न बघता त्याला माहीत असावं लागतं. १९०५चा न्यूझीलंडचा संघ ब्रिटिश संघांपेक्षा सरस ठरला तो इथं. त्यांचा स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी एकमेकांत गुंतून रेटारेटी करणारी पुढची फळी, सात जणांचा होता, ब्रिटिशांचा आठांचा. प्रत्येकाची जागा ठरलेली. वाचलेला आठवा गडी मोकळा. मागच्या फळीत ‘फाइव्ह-एट्थ’ नावाच्या मधल्या जागा त्यांनी तयार केल्या होत्या. गॅलाहर आणि स्टेड यांनी १९०६मध्ये लंडनला या पद्धतीवर जाडजूड पुस्तकच प्रसिद्ध केलं. त्यातलं बरंचसं लेखन स्टेडचं मानलं जातं.

हा तांत्रिक तपशील जोन्स साहित्यात कसा आणतात ते पाहण्यासारखं आहे. कादंबरीत एक भाग आहे जिथं इंग्रजांची नजर आणि यांची नजर समोरासमोर ठेवली आहे. इंग्रजांना मैदानात वस्तू दिसतात: माणूस, चेंडू, टक्कर. यांना दिसते त्या दोन माणसांमधली रिकामी जागा. मोकळ्या मुलखातून आलेल्या माणसांची ही नजर आहे, असं कादंबरी सुचवते. मला तो संपूर्ण पुस्तकाचा गाभा वाटतो. खेळाविषयीचं बहुतेक लेखन झेल, गोल, फटका अशा क्षणांवर जगतं. इथं लेखक दोन क्षणांच्या, दोन माणसांच्या मधल्या पोकळीबद्दल लिहितो. आणि ती पोकळी एकट्याला दिसून उपयोग नसतो, पंधरा जणांना एकाच वेळी दिसावी लागते. ‘मी’ म्हणणाऱ्या निवेदकाला हे लिहिता आलं नसतं.

इथपर्यंत कादंबरीचं यश निर्विवाद आहे. प्रश्न पुढे सुरू होतात.

पहिला प्रश्न आतला आहे. हा ‘आम्ही’ आयता मिळालेला नव्हता. बोटीवरच भांडण झालं होतं. गॅलाहरची कप्तान म्हणून नेमणूक निवड समितीनं केली, खेळाडूंनी नव्हे, यावर दक्षिण बेटावरच्या काही खेळाडूंचा आक्षेप होता. प्रशिक्षक म्हणून जिमी डंकन यांना पाठवलं गेलं यावरही कुरबुर होती. गॅलाहरनं राजीनामा देऊ केला, पाठोपाठ स्टेडनंही. शेवटी मत घेतलं गेलं आणि १७ विरुद्ध १२ असा गॅलाहर कप्तान राहिला. म्हणजे निघाल्यावर काही दिवसांतच बारा जण कप्तानाच्या विरोधात होते. हेच लोक पुढे पंधरा माणसांच्या एका नजरेनं खेळले.

‘आम्ही’ म्हणणाऱ्या आवाजाची ही व्याकरणातलीच अडचण आहे: सतरा आणि बारा या दोन्ही बाजू तो एका क्रियापदात कशा बसवणार? ‘आम्ही भांडलो’ म्हटलं की भांडणही एकीचंच कृत्य होऊन जातं. सामूहिक आवाजात वाद मांडला की त्याची धार बोथट होते आणि वाद मिटल्याच्या बाजूनंच वाक्य झुकतं. खेळाडूंना दिवसाला तीन शिलिंग भत्ता मिळत होता आणि त्यांचे सामने पाहायला हजारोंची गर्दी लोटत होती. हौशी खेळाच्या नियमात ते तीन शिलिंगही काहींना खुपले. उलट संघातल्या जॉर्ज स्मिथला या दौऱ्यात उत्तर इंग्लंडमधली पैसे देणारी रग्बी दिसली आणि दोनच वर्षांत तो व्यावसायिक संघाच्या उभारणीत सामील होऊन पुन्हा इंग्लंडला गेला. अशी माणसं ‘आम्ही’मध्ये मावतात खरी, पण दार ढकलून बाहेर जाईपर्यंतच. एक आवाज निवडला की त्याची किंमत मोजावी लागते, आणि जोन्स ती जाणूनबुजून मोजतात असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे, आणि तो ‘आम्ही’ व ‘आपण’ यांच्या मधल्या अंतराचा आहे.

बोटीवर असताना हा निवेदक निःसंशय ‘आम्ही’ आहे. वाचक परका आहे, किनाऱ्यावर उभा आहे. दौरा जसजसा पुढे जातो तसा हा ‘आम्ही’ फुगत जातो. एक्सेटरची बातमी तारेनं न्यूझीलंडला पोचते, तिथं लोक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर थांबू लागतात. पंतप्रधान रिचर्ड सेडन यांना या विजयांचं राजकीय मोल लगेच कळलं. बोअर युद्धानंतर ब्रिटनमध्ये शहरी तरुणांची शरीरं खालावली आहेत अशी मोठी चिंता होती. १९०४मध्ये त्यावर सरकारी समितीचा अहवालही आला होता. अशा वेळी वसाहतीतली मोकळी हवा काय दर्जाचा पुरुष घडवते याचा हे खेळाडू म्हणजे चालताबोलता पुरावा ठरले. त्यांनी अमेरिकेमार्गे परतावं यासाठी सरकारनं पैसा दिला, आणि मार्च १९०६मध्ये ऑकलंडला ते उतरले तेव्हा स्वागताला सेडन हजर होते. आता ते सत्तावीस जण ‘आम्ही’ राहिले नव्हते, अख्खा देश ‘आपण जिंकलो’ म्हणत होता. कादंबरीच्या नावातली कीर्ती म्हणजे माझ्या वाचनात हीच प्रक्रिया: थोड्या माणसांचा ‘आम्ही’ पुष्कळांचा ‘आपण’ होणं. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्यामुळे हा बदल कुठं घडला ते दिसतच नाही. सांधा न दाखवता कापड जोडल्यासारखं ते होतं.

गंमत अशी की हा भेद न्यूझीलंडच्याच दुसऱ्या भाषेत आहे. माओरीत ऐकणाऱ्याला वगळणारा ‘मातोउ’ आणि सामावून घेणारा ‘तातोउ’ हे वेगळे शब्द आहेत. म्हणजे मराठी आणि माओरी या बाबतीत एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला. आणि माओरीचं नाव निघालं की १९०५च्या संघाला मिळालेल्या एका बिरुदाकडे वळावं लागतं. त्या संघाला न्यूझीलंडमध्ये ‘ओरिजिनल्स’ म्हणतात. मूळचे, पहिले.

ते पहिले नव्हते. १८८८-८९मध्ये ‘न्यूझीलंड नेटिव्ह्ज’ नावाचा संघ ब्रिटनला गेला होता. सव्वीस खेळाडू, त्यांतले बहुसंख्य माओरी किंवा अंशतः माओरी, नेता जोसेफ वॉरब्रिक. चौदा महिन्यांत न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटिश बेटं मिळून ते १०७ सामने खेळले, ७८ जिंकले. त्यांतले ७४ सामने ब्रिटिश बेटांवरचे होते. कधी आठवड्याला तीन सामने, जखमी गड्यांसह. सामन्याआधी हाका हा माओरी नृत्यप्रकार ते करत. काळा पोशाख आणि त्यावर नेच्याचं रुपेरी पान हेही त्यांच्याच अंगावर होतं.

या संघातला टॉम एलिसन पुढे वकील झाला. १८९३मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेच्या पहिल्या वार्षिक सभेत राष्ट्रीय संघाचा पोशाख काळा आणि त्यावर रुपेरी पान असावं हा प्रस्ताव त्यानंच मांडला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला गेलेल्या पहिल्या अधिकृत राष्ट्रीय संघाचा तो कप्तान होता. १९०२मध्ये त्यानं खेळाच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं आणि ‘विंग-फॉरवर्ड’ या जागेचं श्रेय स्वतःकडे घेतलं. हीच ती मोकळ्या आठव्या गड्याची जागा. १९०५मध्ये गॅलाहर याच जागी खेळला आणि त्याबद्दल ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याला अडथळे आणणारा, फसवणारा म्हणून झोडपलं. एलिसन हे पाहायला नव्हता. तो १९०४मध्ये वारला होता.

रंग, पान, हाका, विंग-फॉरवर्ड. ‘ओरिजिनल्स’ ज्या ज्या गोष्टींमुळे ओळखले गेले त्यांतल्या बऱ्याच आधीच्या माओरी संघातून आल्या होत्या. १९०५च्या संघातही हा धागा होता. उपकप्तान स्टेड स्वतः माओरी वंशाचा होता. म्हणजे ज्याला मूळ म्हटलं ते वारशानं आलेलं होतं आणि वारसा देणाऱ्यांचं नाव मात्र पुसलं गेलं.

दोन वादग्रस्त ट्राय शेजारी ठेवले की हे लख्ख दिसतं. ट्राय म्हणजे प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ. न्यूझीलंड तीन गुणांनी मागे. डीन्स रेषेपाशी पोचतो, पडतो. आपण चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि मग आपल्याला मागे ओढलं, असं तो म्हणतो. पंच जॉन डॅलस साध्या कपड्यांत, खेळाच्या मागे पडलेले. ट्राय नाकारला जातो. डीन्स १९०८मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, पण हा वाद आजही जिवंत आहे. त्यावर लिहिणं, बोलणं, चिडणं हा न्यूझीलंडच्या राष्ट्रभावनेचा भाग झाला आहे.

१६ फेब्रुवारी १८८९, ब्लॅकहीथ. नेटिव्ह्ज विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडच्या अँड्र्यू स्टॉडर्टची विजार फाटली. शिरस्त्याप्रमाणे त्याला आडोसा द्यायला नेटिव्ह्ज त्याच्याभोवती उभे राहिले. तेवढ्यात इंग्लंडच्या फ्रँक एव्हरशेडनं चेंडू उचलला आणि ट्राय केला. पंचांनी तो दिला. पंच होते रोलंड हिल, जे इंग्लंडच्या रग्बी युनियनचे सचिवही होते. काही नेटिव्ह खेळाडू निषेध म्हणून मैदानाबाहेर गेले. युनियननं माफी मागायला लावली, ती मिळाल्यावरही निरोपाला अधिकृतपणे कोणी आलं नाही.

अन्याय म्हणून पाहिलं तर दुसरी घटना पहिलीपेक्षा कितीतरी उघड आहे. पण ती कोणाची दुखरी आठवण झाली नाही. ग्रेग रायन यांनी १९९३मध्ये या दौऱ्यावर ‘फोररनर्स ऑफ द ऑल ब्लॅक्स’ हे पुस्तक लिहिलं. तोवर शंभरहून अधिक वर्षं लोटली होती. डीन्सवरचा अन्याय ‘आपल्यावरचा’ होता. वॉरब्रिकच्या संघावरचा ‘त्यांच्यावरचा’ राहिला.

हा केवळ भूतकाळातल्या मानापमानाचा हिशेब नाही. १९२४-२५च्या दौऱ्यात एकही सामना न गमावणाऱ्या न्यूझीलंडच्या संघात जॉर्ज नेपिया हा माओरी फुलबॅक प्रत्येक सामना खेळला. १९२८मध्ये संघ दक्षिण आफ्रिकेला गेला तेव्हा यजमानांच्या वर्णभेदाशी जुळवून घेत माओरी खेळाडूंना वगळलं गेलं, नेपियासकट. १९४९मध्ये तेच, १९६०मध्ये तेच. १९६०ला मात्र ‘माओरी नाहीत तर दौरा नाही’ अशी मोठी मोहीम झाली. दौरा तरीही झाला. काळा पोशाख आणि रुपेरी पान अंगावर होतं. तो प्रस्ताव मांडणारा एलिसन जिवंत असता तर त्यालाही त्या संघात जागा नव्हती.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. १९११मध्ये पहिला ‘अखिल भारतीय’ क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज, आणि गोलंदाजीचा भार पळवणकर बाळूवर. हा संघ बहुतेक सामने हरला, बाळूनं शंभरावर बळी घेतले. याच बाळूला पुण्यात हिंदू संघातून खेळताना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. ते पुढे त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं, आणि विठ्ठलनं आपलं क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवलं. रामचंद्र गुहा आणि प्रशांत किडंबी यांच्या इंग्रजी पुस्तकांमुळे हा इतिहास आता सहज हाती येतो. या दौऱ्यावर कोणी मराठीत कादंबरी लिहायला बसला आणि त्याला ‘द बुक ऑफ फेम’चं तंत्र आवडलं, तर पहिल्याच वाक्यात तो अडकेल. महाराज आणि बाळू यांचा मिळून ‘आम्ही’ कसा लिहायचा? मैदानात तो होता. मंडपात नव्हता.

कादंबरीनं इतिहासाची भरपाई करावी अशी माझी मागणी नाही. जोन्स यांनी एक दौरा निवडला, त्याच्या आत राहिले, आणि त्या सीमेत केलेलं काम अव्वल आहे. खेळावरच्या लेखनातला सर्वांत घट्ट साचा, एकट्या वीराचा, त्यांनी मोडला. माझा आक्षेप इतकाच की वीर काढून टाकल्यावर त्या जागी बसवलेला समूहसुद्धा वीरच होऊ शकतो. एकट्या वीराला निदान आईबाप असतात, पूर्वज असतात. ‘आम्ही’ मात्र जणू बोटीवर चढला त्या दिवशीच जन्मला. ज्या कादंबरीला दोन माणसांमधली रिकामी जागा इतकी अचूक दिसते, तिला १८८९ आणि १९०५ यांच्या मधली जागा मात्र खुणावत नाही.

ही कादंबरी मराठीत यावी असं मला मनापासून वाटतं. भाषांतर करणाऱ्यानं सगळीकडे ‘आम्ही’ वापरलं तर अर्थ चुकणार नाही. सोयीचंही तेच. पण कार्डिफच्या पराभवापाशी, किंवा ऑकलंडच्या धक्क्यावरच्या गर्दीपाशी, त्याचा हात क्षणभर थबकेल. तिथं ‘आपण’ लिहावंसं वाटेल. लिहिलं तर इंग्रजीत न दिसणारा सांधा मराठीत उघडा पडेल, आणि वाचक विचारेल की हे ‘आपण’ म्हणजे कोण कोण. मला वाटतं, त्यानं तसं लिहावं.